नागपूर की अमरावती? मानसशास्त्राच्या डिग्रीसाठी विद्यापीठ निवडताना काय काय पाहायचं

बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो, कारण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या पाच-सहा गावांत सायकॉलॉजीत एमए केलेली बाई म्हणून लोकांना मीच माहीत आहे. यंदा तर फोन घरातूनच आला, मोठ्या दादाचा. "पोरगी सायकॉलॉजीवर अडून बसली, मामा म्हणते नागपूरले टाक, सर म्हणते अमरावतीच बरी, मले तं काहीच समजून नाही रायलं, तूच सांग आता." मागून आईचा आवाज, "पागलायची डाक्टर होशीन का व माय?" तर त्या दिवशी दादाला आणि भाचीला दोन तास बसून जे जे सांगितलं ते सगळं इथे लिहून ठेवते, म्हणजे बाकीच्यांच्याही कामी पडेल.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की बीएला तुम्ही विद्यापीठ निवडत नसता, कॉलेज निवडत असता. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा या पाच जिल्ह्यांतली कॉलेजं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची, 1983 पासून. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची, जे 1923 चं आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीला 2011 पासून गोंडवाना. (दोन्ही विद्यापीठांना ज्या संतांची नावं आहेत ते दोघंही अमरावती जिल्ह्यात जन्मलेले, हे आमच्या वर्गात अर्ध्या पोरांना माहीत नव्हतं.) डिग्रीवर छापलेलं नाव विद्यापीठाचं असतं पण तीन-चार वर्षं तुम्ही बसणार एका ठराविक कॉलेजच्या एका ठराविक खोलीत, दोन-तीन ठराविक शिक्षकांसमोर. म्हणून "नागपूर विद्यापीठ जुनं आहे, मोठं आहे" हे बीएच्या पोराला फारसं उपयोगाचं नाही. त्या विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात सायकॉलॉजीचे नीट तास होत असतात आणि दुसऱ्या एखाद्यात विषय फक्त प्रॉस्पेक्टसमध्ये असतो, आणि हाच फरक अमरावतीच्या कॉलेजांतही सापडतो. एमएला गोष्ट थोडी बदलते, तेव्हा विद्यापीठाचा स्वतःचा विभाग आणि बाहेरचं कॉलेज असे दोन्ही पर्याय समोर येतात, पण पाहायचं तेच, खोली आणि माणसं.

आता मुद्दा असा की डिग्री घेऊन पुढे काय. हे आधी ठरवा, कारण यावरच सगळं फिरतं, आणि खरं सांगते, याच ठिकाणी आपल्याकडचे पालक सगळ्यात जास्त फसतात. आपल्या डोक्यात "सायकॉलॉजी केली की क्लिनिक टाकता येते" असं असतं. तसं नाही. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे सगळे जिला आरसीआय म्हणतात तिची, नोंदणी लागते, आणि ती परिषदेने मान्य केलेल्या कोर्सवरच मिळते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या याच धर्तीची आहे. इतकी वर्षं रस्ता ठरलेला होता, बीए, मग एमए, मग दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, बंगलोरच्या निम्हान्ससारख्या किंवा रांचीच्या सीआयपीसारख्या मानसिक आरोग्याच्या संस्थेत एन्ट्रन्स देऊन. आता एमफिल ही डिग्रीच बंद होत आहे, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2022 च्या नियमांत तसं ठरवलं आणि मग क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एमफिलला तेवढी 2025-26 च्या ॲडमिशनपर्यंत मुदत वाढवून दिली, त्याच्या जागी आरसीआयने दुसरे कोर्स आणले आहेत. त्यामुळे तुमचं पोरगं एमएपर्यंत पोचेल तेव्हा रस्ता आजच्यासारखाच राहील असं धरून चालू नका, दरवर्षी आरसीआयच्या वेबसाईटवर मान्य संस्थांची यादी असते ती स्वतः उघडून पाहा.

हे एवढं ताणून सांगते कारण माझ्या सोबतच्या एका मैत्रिणीने एका खाजगी संस्थेत ॲडमिशन घेतली, पाटीवर मोठ्या अक्षरात "क्लिनिकल सायकॉलॉजी" लिहिलेलं, फी एवढी की घरच्यांनी दोन एकराचा तुकडा गहाण टाकला, आणि दोन वर्षांनी कळलं की तो कोर्स आरसीआयच्या यादीतच नाही. डिग्री खरी होती, खोटी नव्हती, पण त्या डिग्रीवर नोंदणी होत नव्हती. आता ती एका शाळेत काउन्सेलर आहे, काम मन लावून करते, पण जे व्हायचं होतं ते झालं नाही. म्हणून कोर्सच्या नावात क्लिनिकल आहे का हे पाहून भुलू नका. एकच प्रश्न विचारा, "हा कोर्स आरसीआयमान्य आहे का, आणि असेल तर मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, पत्र दाखवा." पत्र दाखवायला टाळाटाळ झाली तर उठून या.

क्लिनिकल नाही करायचं तरी रस्ते आहेत. शाळेत काउन्सेलर, संस्थांमध्ये प्रकल्पाचं काम, कंपनीत एचआर, प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटसाठी एमएला 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 50, आणि एमफिललाही असाच आकडा मागत आले आहेत. 54.8 वर अडकलेली पोरं मी पाहिली आहेत म्हणून सांगते, बीएपासूनच या आकड्यावर लक्ष ठेवा.

अजून एक, "घरी बसून डिस्टन्सने करून घेईन, सोबत शेतीही पाहीन" हा विचार असेल तर तो आता सोडा. यूजीसीने 2025-26 च्या सत्रापासून मुक्त आणि ऑनलाईन पद्धतीने सायकॉलॉजी शिकवणं बंद करायला सांगितलं आहे, कारण हा विषय 2021 च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याखाली धरला गेला. कुणी एजंट फोन करून "सर, एका वर्षात डिग्री" म्हणत असेल तर फोन ठेवून द्या. यूजीसीच्या साईटवर बोगस विद्यापीठांची यादी असते, त्यात नागपूरचं एक नाव वर्षानुवर्षं आहे, ती यादी पाहायला दोन मिनिटं लागतात.

बरं, आता दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जा. ॲडमिशनच्या दिवशी किंवा कुठला कार्यक्रम असेल तेव्हा नको. साध्या मंगळवारी-बुधवारी, अकरा-बाराच्या सुमारास, कुणाला न सांगता. बाया-पोरींना एसटीत 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माय-लेकी दोघी जाऊन येऊ शकता. यवतमाळहून अमरावती जवळ पडते, नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, सकाळची गाडी धरली तर संध्याकाळी घरी. गेल्यावर ऑफिसात माहितीपत्रक मागत बसू नका, सरळ विचारा, "सायकॉलॉजीची लॅब कुठे आहे?"

सायकॉलॉजीला लॅब असते हेच पुष्कळांना माहीत नसतं. असते, आणि तिच्यावरूनच सगळं कळतं. आमच्या वेळी मी ज्या कॉलेजात बीएला होती तिथे मिरर ड्रॉइंगचं एक यंत्र होतं, लाकडी फळी, उभा आरसा आणि मध्ये पत्र्याचा पडदा, पडद्यामागे कागदावर दुहेरी रेघेचा तारा. हात पडद्याआड, दिसतो फक्त आरशात. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल न्यायची असते आणि पेन्सिल सारखी उलटीच पळते, आपण वर न्यायला जातो तर ती खाली. पहिल्या वेळी मला चार मिनिटांच्या वर लागले आणि रेघ किती वेळा ओलांडली ते मोजता मोजता पार्टनर थकली. मग दहा वेळा डाव्या हाताने केलं आणि पुन्हा उजव्या हाताने केलं तर वेळ एकदम अर्ध्यावर आला. एका हाताचं शिकणं दुसऱ्या हातात कसं जातं हे मॅडमनी फळ्यावर सांगितलं असतं तर मी पाठ करून विसरली असती, पण ते हातातून शिकली म्हणून वीस वर्षांनीही आठवते. तर लॅबमध्ये गेलात की कपाट उघडायला सांगा. कुलूप सहज उघडलं, यंत्राला हात लागल्याच्या खुणा आहेत, स्टॉपवॉच चालते, टेस्टच्या पुस्तिका पेन्सिलने भरलेल्या आहेत, तर ठीक. भाटिया बॅटरीचा डबा, रेव्हन्सच्या पुस्तिका (या दोन्ही बुद्धिमत्तेच्या टेस्ट), स्मृतीच्या प्रयोगाचं साहित्य, एवढं तरी दिसायला पाहिजे. किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला माहीत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं. नवीन बिल्डिंग, एसी, भिंतीवर फ्रॉईडचा फोटो, याने काही होत नाही. मी अशीही लॅब पाहिली जिथे कपाटातली पुठ्ठ्याची पेटी सीलबंदच होती, कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकची कमिटी येणार म्हणून विकत घेतलेली.

लॅब पाहून झाली की सीनियर पोरं गाठा, कॅन्टीनवर किंवा बस स्टॉपवर. त्यांना "कॉलेज कसं आहे" असं विचारू नका, सगळे चांगलंच सांगतात. विचारा की गेल्या आठवड्यात सायकॉलॉजीचे किती तास झाले. प्रॅक्टिकलचं जर्नल स्वतः करून लिहिता की मागच्या वर्षीचं उतरवता. विषयाला परमनंट शिक्षक किती आणि सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने पैसे मिळणारे, किती. सीएचबीवाले वाईट शिकवतात असं मी बिलकुल म्हणणार नाही, मला स्टॅटिस्टिक्स ज्यांच्यामुळे समजलं ते सर सीएचबीवरच होते आणि तासाच्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त वेळ द्यायचे. पण त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, उशिरा होते, आणि तोपर्यंत तास रिकामे जातात, दिवाळीच्या तोंडावर शिक्षक आला आणि सेमिस्टर संपलं असं होते. ज्या विभागात सगळेच सीएचबी आहेत तिथे पोराच्या पाठीशी सलग तीन वर्षं कोणीच राहत नाही. एक तरी परमनंट माणूस असावा, आणि तो पीएचडीचा गाईड असेल तर आणखी बरं.

स्टॅटिस्टिक्सचं नाव काढलंच तर तेही सांगून टाकते. आर्ट्सवाली पोरं सायकॉलॉजी घेतात कारण गणित सुटते असं वाटते. सुटत नाही. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी टेस्ट हे सगळं करावं लागते आणि एमएला तर कॉम्प्युटरवर. कुठे हे हळूहळू, मराठीत समजावून शिकवतात आणि कुठे थेट इंग्रजी नोट्सची झेरॉक्स हातात देतात, हा फरक आपल्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोरांसाठी फार मोठा आहे. माझा बीए मराठीतून, एमएला नागपुरात गेली तर पहिला महिना मी वर्गात काय चाललंय हेच समजायला घालवला, रात्री डिक्शनरी घेऊन एकेक पान. जमलं, पण कोणीतरी आधी सांगितलं असतं तर बीएच्या शेवटच्या वर्षीच इंग्रजी पुस्तकं वाचायला सुरुवात केली असती. तेव्हा विचारा की पेपर मराठीत लिहिता येतो का, आणि वर्गात कोणत्या भाषेत बोलतात. ही दोन्ही उत्तरं वेगवेगळी असू शकतात.

आणि आता ती गोष्ट जी माझ्या मते सगळ्यात वर आहे. शिकताना जिवंत माणसांसमोर किती बसायला मिळणार? नागपूरचा खरा फायदा इथे आहे, विद्यापीठाच्या जुनेपणात नाही. तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यात अशी चारच आहेत, ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. मेडिकल, मेयो, एम्स असे मोठे दवाखाने आहेत, वर्ध्याकडे सरकलात तर सेवाग्राम आणि सावंगीचे. अमरावतीत इर्विन हा सरकारी दवाखाना आहे. पण शहरात दवाखाना आहे म्हणजे कॉलेज तिथे पोरांना नेते असं नाही, म्हणून विचारा, "गेल्या वर्षी विद्यार्थी कुठे गेले, किती दिवस गेले, आणि तिथे त्यांच्यावर लक्ष कोण ठेवत होतं?" "नेतो ना आम्ही" असं मोघम उत्तर नको. एक दिवसाची भेट आणि ग्रुप फोटो याला इंटर्नशिप म्हणत नाहीत.

का म्हणते ते सांगते. मागच्या वर्षी आमच्याकडे एक मायमाऊली तिच्या लेकाला घेऊन आली. कपाशीवाला शेतकरी, तिशीतला. त्याला विचारलं काय होते, तर म्हणे "काही नाही मॅडम, डोस्कं काम नाही करून रायलं." मग थोड्या वेळाने, "जीव नाही लागत कुठीच." झोप दोन महिन्यांपासून नाही, पहाटे तीनला उठून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसतो. पुस्तकातल्या यादीप्रमाणे "तुम्हाला उदास वाटतं का" असं विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता, कारण उदास हा त्याचा शब्दच नाही. मी त्याला विचारलं की धुऱ्यावर बसून काय पाहता, आणि मग तो बोलायला लागला. त्या दिवशी त्याला डॉक्टरकडे पोचवलं, घरातली फवारणीची औषधं माऊलीच्या हाताने दुसरीकडे हलवली, आणि रात्री-बेरात्री लागलं तर म्हणून 14416 हा टेलिमानसचा फुकट नंबर दोघांच्याही मोबाईलमध्ये टाकून दिला. असं ऐकायला मी वर्गात नाही शिकली, वॉर्डात बसून शिकली, मोठ्या मॅडमच्या मागे खुर्ची टाकून, सहा महिने. आपल्या विदर्भाला असं ऐकणारी माणसं पाहिजेत, वऱ्हाडीत, गोंडीत, कोलामीत, बंजारा बोलीत ऐकणारी. काही वर्षांपूर्वी विश्राम नावाचा प्रकल्प अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांत झाला, त्यात गावातल्याच लोकांना शिकवून मानसिक आजाराची मदत गावापर्यंत नेली होती. आपल्या गावची पोरगी डिग्री घेऊन आली तर किती फरक पडेल याचा विचार करा. म्हणून जे विद्यापीठ, जे कॉलेज तुम्हाला माणसांसमोर बसवते, तिकडे झुकतं माप टाका.

पैशाचं बोलू. फी किती हे सगळे विचारतात, कधी भरायची हे कोणी विचारत नाही. ॲडमिशन जून-जुलैत, आणि तेव्हाच पेरणी. बियाणं, खत, ट्रॅक्टर, सगळं एकाच वेळी, आणि घरात पैसा येणार सोयाबीन निघाल्यावर, कापूस तर त्याहूनही पुढे. दादाने हाच प्रश्न काढला, "फी भरू का बी घेऊ?" तेव्हा दोन्हीकडे विचारा की फी हप्त्यात घेतात का, दुसरा हप्ता दिवाळीनंतर चालते का, आणि ते लेखी द्या म्हणा. स्कॉलरशिपचा फॉर्म महाडीबीटीवर भरायचा असतो पण पैसे खात्यात येईपर्यंत बराच काळ जातो, त्यामुळे त्या भरवशावर पहिला हप्ता धरू नका. एससीच्या पोरांसाठी स्वाधार योजना आहे, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह भत्त्याची योजना आहे, तुमच्या कोर्सला ती लागू पडते का हे कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्कला विचारा, प्राचार्यांना नको, क्लार्कलाच खरं माहीत असते. बाकी खोली, मेस, सुट्टीत घरी येण्याचं भाडं, हे तीन वर्षांचं मांडून पाहा, फी त्यापुढे लहान वाटते. पोरगी असेल तर होस्टेलपासून कॉलेजचा रस्ता संध्याकाळी सहानंतर स्वतः चालून पाहा.

कागदांचं थोडक्यात. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, जातवैधता हे निकालाची वाट न पाहता आधीच सेतूत टाका, जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. बीए अमरावतीतून आणि एमए नागपुरातून करायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट आणि एलिजिबिलिटी लागते, काही अवघड नाही, फक्त वेळ जातो. नवीन शैक्षणिक धोरणात डिग्री तीन वर्षांचीही आहे आणि चार वर्षांची ऑनर्सही, चार केली तर एमए एका वर्षात होऊ शकते, पण ते चौथं वर्ष तुमच्या कॉलेजात सायकॉलॉजीला सुरू आहे का हे आजच विचारून घ्या. आणि मेजर म्हणजे मुख्य विषय सायकॉलॉजीच मिळणार ना, मायनर म्हणजे दुय्यम म्हणून तर नाही टाकणार, हे फॉर्म भरण्याआधी नक्की करा, कारण पुढे बऱ्याच ठिकाणी एमएला बीएचा हाच विषय मागतात.

तर भाचीचं काय झालं. आम्ही दोन्हीकडे गेलो, दोन वेगवेगळ्या बुधवारी. नागपूरचं जे कॉलेज मामांनी सुचवलं होतं तिथे लॅबच्या किल्लीसाठी पाऊण तास बसलो, शेवटी शिपाईदादा म्हणाले मॅडम रजेवर आहेत. अमरावतीच्या कॉलेजात लॅब लहान, पंखा एकच, पण दोन पोरी टेबलावर बसून एकमेकींची स्मृतीची टेस्ट घेत होत्या आणि भाची दारात उभी राहून पाहतच राहिली, मग त्यांनीच तिला आत बोलावून सब्जेक्ट, म्हणजे टेस्ट देणारी, म्हणून बसवलं. दादाने हप्त्याचं विचारलं, त्यांनी हो म्हटलं. बीए अमरावतीला, आणि एमएला नागपुरात, वॉर्ड जिथे मिळेल तिथे, असं ठरलं. माझ्या भाचीसाठी हे बरोबर आहे, तुमच्या पोरासाठी नेमकं उलटंही असू शकते, गोंदियाच्या पोराने अमरावती धरण्यात काही अर्थ नाही.

शेवटचं एक, ॲडमिशन एकीकडे घेतली आणि मग दुसरीकडे नंबर लागला तर घाबरू नका. यूजीसीचा नियम आहे की ओरिजिनल कागद कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत आणि मुदतीत कॅन्सल केलं तर फी परत द्यावी लागते, जितकं लवकर तितकी जास्त. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि त्या पोचपावतीचा फोटो तिथेच काढून घरच्या व्हॉट्सॲपवर पाठवून द्या. दादाने पहिल्या हप्त्याच्या पावतीचाही असाच फोटो पाठवला, पावतीच्या कोपऱ्यावर बियाण्याच्या पिशवीचा गुलाबी रंग लागलेला.